जायचं की नाही? : डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची गोष्ट

मित्रांनो, लांबच्या प्रवासाला निघायचं ठरलं की आपण काय काय बघतो? रिझर्व्हेशन मिळतंय का, खर्च किती येतो, मध्येच सबमिशन तर नाही ना! आणि जिथं जायचं तिथं दंगल, कर्फ्यू, गोळीबार असलं काही पेपरात छापून आलं की घरचा फोन ठरलेला... रद्द कर. बहुतेक वेळा आपण रद्द करतोही, आणि त्यात काही वावगं नाही. जीव एकच असतो.

पण समजा जिथं जायचं तिथं दंगल नाही, तर अख्खं युद्धच पेटलेलं आहे. सहल नाही, काम आहे. वय सत्तावीस, हातात नुकतीच डिग्री, पुढच्या परीक्षेची तयारी चाललेली, घरी आईवडील आणि भावंडं. आणि एक दिवस विचारणा होते, येणार का? १९३८ साली सोलापूरच्या एका तरुण डॉक्टरपुढं हाच प्रश्न आला होता. त्यांचं नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस. नाव आपल्याला सगळ्यांना माहीत असतं. व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा १९४६ चा सिनेमा टीव्हीवर कधीतरी अर्धामुर्धा पाहिलेला असतो. शेवट ठाऊक असल्यामुळं आपण धरून चालतो की हा माणूस हुतात्मा व्हायलाच निघाला होता. खरी गोष्ट तशी नाही. त्यांनी एकदा निर्णय घेतला आणि संपलं असं झालंच नाही. तोच प्रश्न त्यांच्यापुढं पुन्हा पुन्हा आला, आणि दर वेळी परिस्थिती वेगळी होती.

द्वारकानाथ यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वडील गिरणीत नोकरीला. दोन भाऊ, पाच बहिणी असं भरलेलं घर. सोलापूर म्हणजे तेव्हा गिरण्यांचं, कामगारांचं, चळवळीचं गाव. १९३० च्या मे महिन्यात तिथं इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. पुढं १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी दिली. म्हणजे अशांत मुलूख म्हणजे काय, हे या मुलाला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. त्याच्या स्वतःच्याच गावात लष्कर रस्त्यावर उतरलेलं होतं.

शाळा सोलापुरात झाली आणि डॉक्टरी मुंबईला, परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात. १९३६ साली एम.बी.बी.एस. झाले. पुढं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं चाललेलं होतं. जग हिंडावं, निरनिराळ्या देशांत डॉक्टरी करावी अशी हौस त्यांना होती, असं त्यांच्या घरच्यांनी पुढं सांगितलं आहे. हौस सगळ्यांनाच असते हो! पण त्या वेळी सोलापूरच्या मध्यमवर्गीय घराला चीन म्हणजे दारोदार रेशीम विकत फिरणारे चिनी फेरीवाले, एवढाच काय तो माहीत.

आता चीनमध्ये काय चाललं होतं ते बघू. ७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलापाशी चकमक झाली आणि जपानने उघड युद्ध सुरू केलं. नोव्हेंबरात शांघाय पडलं, डिसेंबरात राजधानी नानकिंग पडलं आणि तिथं जपानी सैन्यानं जी कत्तल केली तिच्या बातम्या जगभर गेल्या. सरकार आत आत सरकत होतं. चीनमध्ये जखमी लाखांनी आणि शिकलेले डॉक्टर अगदी थोडे. तेव्हा चिनी सेनापती जनरल चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केलं, सुमारे २२ हजार रुपये जमले, एक ॲम्ब्युलन्स, औषधं आणि शस्त्रक्रियेचं सामान घेतलं गेलं आणि पाच डॉक्टरांचं पथक उभं राहिलं.

या पथकात कोण होते बघा. प्रमुख डॉ. मदनमोहन अटल, हे आधी स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. उपप्रमुख नागपूरचे डॉ. चोळकर, वयानं सगळ्यांत मोठे. कलकत्त्याचे डॉ. देबेश मुखर्जी. निवड झालेल्या एका डॉक्टरला इंग्रज सरकारनं पासपोर्टच दिला नाही, म्हणून त्यांच्या जागी आले डॉ. बिजॉयकुमार बसू. आणि पाचवे आपले कोटणीस.

पहिला निर्णय हा. नीट पाहिलं तर तो आंधळी उडी नव्हता. मोहीम साधारण वर्षभराची होती. मागे संघटना होती, सोबत युद्धाचा अनुभव असलेला प्रमुख होता, सामान होतं, आणि तिथं जाऊन नक्की काय करायचं हे माहीत होतं. कोणी म्हणेल, या घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या! पण जो माणूस जखम शिवायला शिकला आहे, त्याला जिथं जखमी पडले आहेत तिथं काम आहे, इतका साधा हिशोब होता. दुसरी बाजूही होती. घरात मोठं कुटुंब, कमावत्या हातांची गरज, आणि करिअरचं एक वर्ष म्हणजे थोडं नाही. वडिलांनी परवानगी दिली. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी अशी परवानगी मिळेल, ज्यानं त्यानं मनाशी विचारावं.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून राजपुताना या बोटीनं निघालं. ते निघाले तेव्हा तिकडं युरोपातही युद्धाचे ढग जमले होते. त्याच महिन्याच्या शेवटी म्युनिकचा करार झाला आणि जगानं तात्पुरता सुस्कारा सोडला. १७ सप्टेंबरला आपले डॉक्टर कॅन्टनला उतरले. आणि २१ ऑक्टोबरला ते कॅन्टन शहर जपान्यांच्या हाती गेलं! म्हणजे जिथून आत आले तो दरवाजा पाच आठवड्यांत बंद झाला. पथक पुढं हँकोला जाऊन जखमींवर उपचार करू लागलं, तर ऑक्टोबरच्या शेवटी तेही पडलं. मग यांगत्से नदीच्या वाटेनं माघार घेत घेत नोव्हेंबरात चुंगकिंग. नकाशा रोज बदलत होता. जाण्याआधी गोळा केलेली माहिती तिथं पोचेपर्यंत शिळी होते, हा अशांत प्रदेशाचा पहिला धडा. परतीचा रस्ता कागदावर असून भागत नाही, तो रोज नव्यानं तपासावा लागतो.

चुंगकिंगमध्ये शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे प्राध्यापक तान युन-शान यांनी सगळ्यांना चिनी नावं दिली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी हुआ, म्हणजे चीन. कोटणीस झाले के दिहुआ. तिथून उत्तरेला येनानला, कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेकडं, जायचं ठरलं. आणि नेमकं त्याच वेळी, १९३९ च्या जानेवारीत, घरून बातमी आली. वडील गेले.

इथं दुसरा निर्णय. थांबून विचार करा. परमुलखात आहात, वर्षाची मुदत अजून अर्धीही झालेली नाही, आणि ज्यांनी जा म्हणून परवानगी दिली ते वडीलच राहिले नाहीत. परत जायला कुणाचीही ना नव्हती, उलट सोबतच्यांनी परत जाण्याबद्दल सुचवलंही. कोटणीस परतले नाहीत. सोलापूरला पोचेपर्यंत सगळे विधी उरकलेले असणार, आणि इकडं हाती घेतलेलं काम अर्धवट राहणार, असा सरळ विचार त्यामागं दिसतो. पण तो सरळ आहे म्हणून सोपा नव्हता. घरी आई होती, धाकटी भावंडं होती. मोठे बंधू मंगेश यांच्यावर तो भार पडला. याच मंगेशरावांनी पुढं आपल्या भावाचं चरित्र लिहिलं. कोटणीसांच्या निर्णयाची किंमत एकट्या कोटणीसांनी मोजली नाही, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. जाणारा जातो, त्याचं नाव होतं; मागे राहून घर ओढणाऱ्यांचे पुतळे उभे राहत नाहीत.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोचलं. पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहा, त्यातच राहणं, त्यातच हॉस्पिटल. खायला राळ्याची पेज. थंडी अशी की सोलापूरच्या माणसानं स्वप्नातही पाहिली नसेल. थोड्याच महिन्यांत डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी यांना तब्येतीमुळं भारतात परतावं लागलं. पुढं डॉ. अटलही आजारपणामुळं परतले.

मला इथं मुद्दाम एक सांगायचं आहे. आपण या तिघांची नावंसुद्धा लक्षात ठेवत नाही. जणू काही परत येणं म्हणजे हार! असं कसं? तब्येत साथ देत नसताना युद्धभूमीवर थांबलेला डॉक्टर हा आणखी एक पेशंट होतो आणि बाकीच्यांवर ओझं होतो. आपली कुवत ओळखून परत फिरणं हाही शहाणपणाचाच निर्णय. वयाची पन्नाशी ओलांडलेले चोळकर नागपूरची प्रॅक्टिस सोडून चीनपर्यंत गेले होते, हे काय कमी झालं?

राहिले कोटणीस आणि बसू. तिसरा निर्णय, आघाडीवर जायचं का? येनान त्या मानानं सुरक्षित होतं. नोव्हेंबर १९३९ मध्ये ते शत्रूच्या पिछाडीकडं निघाले. त्याच महिन्यात, १२ नोव्हेंबरला, तिकडं कॅनडाचे प्रसिद्ध सर्जन नॉर्मन बेथ्यून वारले. ऑपरेशन करताना बोटाला जखम झाली, हातात मोजे नव्हते, विष रक्तात भिनलं. बघा, बॉम्बनं नाही, गोळीनं नाही... बोटावरच्या एका जखमेनं! पेनिसिलिन तोवर सर्रास मिळत नव्हतं. अशा मुलखात धोका आपण ज्या दिशेला बघतो तिकडून येईलच असं नाही. जे इतर ठिकाणी किरकोळ, ते तिथं जीवघेणं, कारण औषध नाही, रस्ता नाही, वेळ नाही.

जपानी लष्कराच्या ताब्यातली रेल्वे, चौक्या ओलांडत, रात्रीचे चालत दोघं १९४० च्या उन्हाळ्यात हपै प्रांतातल्या डोंगराळ भागात पोचले. तिथली वैद्यकीय व्यवस्था आपण इंजिनिअरांनी अभ्यासावी अशी. हॉस्पिटल म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड, पाठीवर. आज या खेड्यातल्या देवळात, उद्या त्या घरात. बेथ्यून यांनी खेचराच्या पाठीवर बसवायची एक लाकडी मांडणी तयार करवून घेतली होती. पुलाच्या कमानीसारखा आकार, म्हणून तिला त्याच मार्को पोलो पुलाचं चिनी नाव दिलं. तिच्या कप्प्यांत अवजारं, बँडेज, औषधं बसत. खेचर थांबलं की मांडणी उतरवायची आणि काही मिनिटांत ऑपरेशन सुरू. गावच्या सुताराला जमेल अशा सामानात बनलेली, दुरुस्त करता येणारी, खेचरावर वाहून नेण्याजोगी. डिझाइन म्हणजे आणखी काय असतं?

ऑगस्ट १९४० मध्ये आठव्या मार्ग सेनेनं शंभर रेजिमेंटांची मोहीम म्हणून ओळखली जाणारी मोठी चढाई केली. त्या काळात कोटणीसांच्या तुकडीकडं तेरा दिवसांत सुमारे आठशे जखमी आले, आणि त्यातल्या पाचशेहून जास्त जणांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. हिशोब करून बघा, दिवसाला चाळीसच्या वर! पूर्ण सोयींच्या हॉस्पिटलातसुद्धा हे कठीण.

याच सुमारास बसू येनानला परतले. वर्षाची मुदत कधीच उलटून गेली होती. चौथ्यांदा तोच प्रश्न. कोटणीस थांबले, आणि जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. एव्हाना ते पाहुणे राहिलेले नव्हते. चिनी बोलायला तर शिकलेच, पण त्या भाषेत वर्गात शस्त्रक्रियेचा विषय शिकवू लागले. आपल्याला मायबोलीतून घेतलेला व्हायवा देताना घाम फुटतो, आणि हा माणूस दोनेक वर्षांपूर्वी ऐकलेल्या भाषेत सर्जरी शिकवतोय! विद्यार्थ्यांना पुस्तक नाही म्हटल्यावर स्वतः पुस्तक लिहायला बसले. एक पूर्ण केलं, दुसरं हाती घेतलं.

नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांनी तिथंच परिचारिकांना शिकवणाऱ्या को चिंगलान यांच्याशी लग्न केलं. लगेच पुढच्या महिन्यात जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला, नाताळच्या दिवशी हाँगकाँगही पडलं आणि घरी परतायचा समुद्राचा रस्ता पुरता मिटला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

पण तब्येत ढासळत होती. अपस्माराचे झटके येऊ लागले होते. अपुरं खाणं, अपुरी झोप, वर कामाचा ताण. दुसऱ्याचे आजार ओळखणाऱ्या माणसाला स्वतःचा आजार कळला नसेल असं कसं म्हणावं? उपचारांसाठी हा भाग सोडून बाहेर जा, असा आग्रह त्यांना वरिष्ठांनी केला. हा शेवटचा, पाचवा प्रश्न. कोटणीसांनी जायला नकार दिला आणि शिकवणं, ऑपरेशनं, पुस्तकाचं लिखाण चालूच ठेवलं. ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री एकामागून एक झटके आले आणि ९ डिसेंबरच्या सकाळी ते गेले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा. दुसरं पुस्तक अर्धंच राहिलं.

हा पाचवा निर्णय बरोबर होता का? माझं प्रामाणिक मत सांगतो. पहिले चार पटतात, पाचव्यापाशी मन अडखळतं. जे शहाणपण चोळकरांनी, मुखर्जींनी दाखवलं ते इथंही दाखवता आलं असतं, असं वाटत राहतं. ते बाहेर पडले असते तर कदाचित आणखी तीस वर्षं शिकवलं असतं, हजारो विद्यार्थी तयार केले असते. पण हेही खरं की १९४२ साली बाहेर म्हणजे कुठं? हाँगकाँग जपान्यांकडं, सगळीकडून वेढा, वाटेत पुन्हा चौक्या आणि गोळ्या. आजारी माणसाला तो प्रवास झेपला असता का? मागे जखमी, विद्यार्थी, बायको, तान्हं मूल. आपण इथं पंख्याखाली बसून मार्क देणं सोपं आहे.

पुढची गोष्ट थोडक्यात. डॉ. बसू १९४३ मध्ये भारतात परतले. १९५० च्या दशकाच्या शेवटी ते पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि ते त्यांनी भारतात आणलं. परतणाऱ्याच्या हातूनही असं काम होतं. यिनहुआ बापाच्याच वाटेनं डॉक्टरीला गेला, पण शिक्षण चालू असतानाच १९६७ साली वारला. त्याआधी १९६२ मध्ये त्याच्या नावातले दोन्ही देश एकमेकांशी लढून बसले होते. को चिंगलान यांनी मात्र सोलापूर-मुंबईच्या सासरच्या माणसांशी नातं तोडलं नाही. त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या आणि २०१२ साली वारल्या. शिज्याच्वांग शहरात कोटणीसांची समाधी आहे, जवळच बेथ्यून यांचीही. चीननं १९८२ मध्ये आणि भारतानं १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. सोलापुरात त्यांच्या राहत्या घरी स्मारक झालं आहे. कधी सोलापूरला जाणं झालं तर चादरी घ्यायच्या आधी तिथं चक्कर मारा.

मित्रांनो, शिकून बाहेर पडल्यावर आपल्यापैकी कुणाला साइटवर, कुणाला प्रोजेक्टवर अशा ठिकाणी जाण्याची ऑफर येईल की जिथलं नाव ऐकून आई रडायला लागेल. पगार चांगला असेल, मित्र म्हणतील बिनधास्त जा, काका म्हणतील वेडा आहेस का. त्या वेळी कोटणीस आठवून छाती फुगवून होकार देऊ नका, आणि शेवट आठवून घाबरून नकारही देऊ नका. आठवायचं असेल तर ते कसे निघाले ते आठवा. आपल्या हाताला तिथं नेमकं काम आहे का? सोबत कोण आहे? परत यायचा रस्ता आज उघडा आहे का, आणि बंद झाला तर काय? आपण गेल्यावर घरचं ओझं कुणाच्या खांद्यावर पडणार, आणि त्याला आपण विचारलंय का? या प्रश्नांची उत्तरं एकदा देऊन भागत नाही. तिथं पोचल्यावर, बातमी बदलल्यावर, तब्येत बदलल्यावर पुन्हा द्यावी लागतात.

आणि तिकीट काढायच्या आधी एकदा घरी फोन करा. कोटणीसांच्या वडिलांनी हो म्हटलं होतं, हे विसरू नका.